हातावरचं दही

केशरबाई बोलायला लागली की गल्लीतल्या कोंबड्या गप बसतात, असं तिची धाकटी जाऊ विमलबाई म्हणायची, आणि ते खोटं आहे असं म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. केजपासून आत, माळाच्या कडेला त्यांचं गाव. तिथं बायकांची दूध संस्था होती. रोज पहाटे संस्थेच्या ओट्यावर उभी राहून केशरबाई एकच हाक मारायची, "दूऽऽध आणाऽऽ!" की वरच्या आळीपासून पार खालच्या वस्तीपर्यंत किटल्या खणखणायला लागायच्या. एकदा संस्थेच्या बैठकीत भोंगा घ्यायचा विषय निघाला होता. सगळ्या बायकांनी आधी केशरबाईकडं बघितलं, मग एकमेकींकडं बघितलं आणि पुढचा विषय घेतला.

आता अशा बाईचा नवरा कसा असेल? मुंजाजी बोलतच नसे. मुका नव्हता बरं का! चांगला खणखणीत आवाज होता गड्याला, पण लग्न झाल्यापासून तो वापरायची गरजच पडली नव्हती. वाण्याच्या दुकानात तो नुसता उभा राहायचा आणि केशरबाई घरातून ओरडायची, "तेल द्या त्यांना, आन गूळ बगून द्या, मागचा लई काळा व्हता!" झालं काम. संसार असा सुरळीत चालला होता.

पण पंचक्रोशीत केशरबाईचं नाव झालं ते वेगळ्याच कामामुळं. कुणाला ऑपरेशनची तारीख मिळाली की पहिलं बोलावणं केशरबाईला जायचं. पेशंटला तयार करायचं काम तिचं. डॉक्टर काय ते कापाकापीचं बघतील, पण घरातून निघून टेबलावर चढेपर्यंतचा माणूस केशरबाईच्या ताब्यात.

याला कारण झाली विमलबाईच. तिच्या पित्ताशयात खडे निघाले, तेव्हा सोबतीला केशरबाई गेलती. सकाळी वॉर्डातला मामा स्ट्रेचर घेऊन आला. जाऊ एवढ्या मोठ्या कामाला निघालेली, आणि तिच्या हातावर दही द्यायचं नाही? परीक्षेला निघालेल्या पोराला देतात, कोर्टात निघालेल्या माणसाला देतात, मग हिनंच काय घोडं मारलं होतं? केशरबाईनं गाठोड्यातून डबी काढली, साखर घातलेलं दही विमलबाईच्या तळहातावर ठेवलं आणि विमलबाईनं ते मुकाट चाटून टाकलं. आत भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं का?" विमलबाई म्हणजे अगदी सरळ बाई. म्हणाली, "न्हाई जी. नुसतं दही."

झालं! ऑपरेशन रद्द. डॉक्टर चिडले, पण मग त्यांनी केशरबाईला बसवून नीट समजावून सांगितलं. भूल दिली की पोटातलं उलटून वर येतं, ते फुफ्फुसात गेलं तर माणूस हातचा जातो. म्हणजे जावेचं भलं व्हावं म्हणून आपण तिला मारायलाच निघालो होतो! ती तिथंच फरशीवर बसून मोठ्यानं रडली. इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या वॉर्डातले लोक कोण गेलं म्हणून बघायला आले.

त्या दिवसापासून तिनं हे काम हातात घेतलं, ते असं की बास. पेशंटच्या अंगणात जाऊन बाज टाकायची. त्यावर पेशंटला निजवायचं. "खोकून दाखवा. तसं न्हाई, पोटाला उशी दाबून खोका! आता कुशीवर वळा. आता बसा. आता भांडं लागलं तर कुणाला हाक मारणार? लाजताव कशाला? लाजायचं सगळं घरी लाजून घ्या, तिथं टाइम न्हाई." नखं कापायला लावायची, नखांचा रंग खरवडायला लावायची. सोबतीला कोण जाणार हेही तीच ठरवायची, आणि रडक्या माणसाला ती आधीच बाजूला काढायची. नथ, जोडवी, बांगड्या, सगळं उतरवायचं.

सुंदररावांचा किस्सा तर अजून सांगतात. सुंदरराव माजी सरपंच. त्यांच्या हर्नियाची तारीख आली. त्यांचे दात खोटे होते, हे त्यांनी कैक वर्षं गावापासून लपवून ठेवलेलं. केशरबाईनं भर अंगणात, चार माणसांसमोर आपल्या त्या आवाजात फर्मावलं, "सुंदरराव, दात काढा!" सुंदरराव म्हणाले, "कुणाचे?" ती म्हणाली, "माझे काढून तुमाला काय उपेग? तुमचे काढा, न्हाई तर भुलीत गिळताल!" सुंदररावांनी दात काढले. त्या दिवशी गावात हसून हसून माणसं भिंतीला टेकली. पण ऑपरेशन चांगलं झालं आणि सुंदररावांनी घरी आल्यावर तिला लुगडं घेतलं.

आणि दही? दही म्हणजे तिच्या लेखी इख. दवाखान्यात निघायच्या आधी ती गाठोडी सोडून बघायची. सासवांनी पदरात, उशीत, एकीनं तर छत्रीत दह्याची डबी लपवलेली तिनं धरली होती. "न्हाई चालत!" हे तिचे दोन शब्द असे सुटायचे, की डबी आपोआप बाहेर यायची. "दही न्हाई, च्या न्हाई, पाण्याचा थेंब न्हाई. न्हाई चालत!"

तर अशी ही केशरबाई. आणि गाठ निघाली कुठं? तर हिच्या गळ्यात.

लिंबाएवढी होती तोवर तिनं पदर वर ओढून दिवस काढले. मग घास अडकायला लागला. शेवटी विमलबाईनं तिला धरून मोठ्या दवाखान्यात नेलं, बरोबर मुंजाजी. तिथल्या डॉक्टरीणबाई तरण्या होत्या, पण समजुतीच्या. त्यांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, "गाठ साधी आहे मावशी, पण काढावी लागेल. एक गोष्ट आधीच सांगते. आवाजाची नस गाठीला अगदी लागून जाते. आम्ही ती जपतोच. तरी कधीकधी आवाज बसतो. बहुतेक वेळा थोड्या दिवसांनी येतो. क्वचित कुणाचा येत नाही."

केशरबाई म्हणाली, "आन बसला तर उठवायचा कसा? काठीनं का?" डॉक्टरीणबाई हसल्या, विमलबाई हसली, केशरबाई पण हसली. पण परत येताना एसटीत बसल्यापासून केज येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. कंडक्टरशी सुट्ट्यावरून भांडलीसुद्धा नाही. मुंजाजी सारखा वळून वळून तिच्याकडं बघत होता.

तिला मरायची भीती नव्हती. भीती एकच होती. आपला आवाज गेला तर घरात बोलणार कोण? हे तर बोलत नाहीत. दोन माणसं समोरासमोर बसून भाकरी खातील, आणि घरात नुसता चावल्याचा आवाज! गवरी गाय तिच्या शिव्या ऐकल्याशिवाय पान्हा सोडत नव्हती. तिला काय आता खुणा करून शिव्या द्यायच्या?

तेरा सालचा दुष्काळ होता तो. आड कोरडे, टँकर येईल तेव्हा येईल. गावाची निम्मी जनावरं माळावरच्या चारा छावणीत, त्यांत गवरी पण होती. संस्थेचं दूध छावणीतच गोळा व्हायचं आणि इसाक आपल्या टेम्पोत कॅन भरून न्यायचा. अशात केशरबाईची तारीख आली आणि गावातल्या बायकांच्या अंगात नुसता वारा शिरला. जिनं आजवर सगळ्यांना उभं-आडवं केलं, ती आता हातात सापडली होती!

सकाळीच केशरबाईच्या अंगणात बाज पडली. "निजा," विमलबाई म्हणाली.

"अगं, मला शिकवतीस व्हय?"

"निजा म्हणलं ना! लाजायचं सगळं घरी लाजून घ्या." बायका खिदळायला लागल्या. केशरबाईला निजवलं, खोकायला लावलं, कुशीवर वळवलं, पुन्हा निजवलं. एकीनं नखं कापली. दोघींनी तिचे पाय धरले, कारण जोडवी निघेना. आजवर साऱ्या गावाची जोडवी काढणारीच्या बोटात तिचीच रुतून बसलेली! साबण लावला, गोडं तेल लावलं. "अगं मेले, बोट ठिव तेवढं!" केशरबाई बोंबलत होती आणि बायका हसून हसून बाजेवरच पडत होत्या. एवढ्यात दारात सुंदरराव येऊन उभे राहिले. त्यांनी सगळे दात दाखवत आवाज दिला, "केशरबाई, दात काढा!"

"माझे खरे हायेत!" ती गरजली, आणि हसण्याचा असा गलका उठला की टँकर आला वाटून दोन घागरी घेऊन शेजारीण पळत बाहेर आली.

मग आला अंघोळीचा विषय. दवाखान्यानं सांगितलं होतं, निघायच्या आधी डोक्यावरून साबण लावून स्वच्छ अंघोळ करून या. केशरबाईनंच आजवर हे दुसऱ्यांना बजावलं होतं. पण आता तिनं हात झाडले. म्हणाली, "लोकांला प्यायला न्हाई आन मी डोक्यावरून घेऊ? वल्या फडक्यानं पुसून घेते." विमलबाई तडक उठली. ती बाहेर गेली आणि थोड्या वेळानं एकेक बाई आत यायला लागली. प्रत्येकीच्या हातात एक तांब्या. संस्थेतल्या झाडून साऱ्या बायकांनी घरटी एक तांब्या पाणी आणलं होतं. इसाकची बायको गौसिया तर लांबच्या गल्लीतून पदराखाली तांब्या झाकून आली, रस्त्यात सांडू नये म्हणून. घंगाळ काठोकाठ भरलं. केशरबाई त्या पाण्याकडं बघत राहिली आणि मग एकदम भोकाड पसरलं तिनं. "रडू नगा," विमलबाई म्हणाली, "पाणी वाया चाललं." मग दोघीही हसत हसत रडल्या.

मंगळसूत्र तिनं मुंजाजीच्या हातात दिलं. खिशात ठेवलं तर पडेल, गाठोड्यात ठेवलं तर चोरीला जाईल. त्यानं विचार केला आणि सरळ आपल्याच गळ्यात घातलं, वरून सदऱ्याची गळ्यापर्यंतची गुंडी लावली. बायकांनी तोंडात पदर कोंबले. मुंजाजी खाली मान घालून उभा राहिला.

निघायच्या आधी केशरबाईनं बोलून घ्यायचा सपाटाच लावला. छावणीत जाऊन गवरीला पुढच्या महिनाभराच्या शिव्या एकदम दिल्या. शेजारणीला जुन्या भांडणातलं राहिलेलं उत्तर दिलं, आणि तेही समोर उभं राहून. मुंजाजीला मीठ कुठं, डाळ कुठं, कुणाच्या घरी काय बोलायचं आणि कुणाच्या घरी बोलायचं नाही, हे सगळं सांगितलं. "आवाज हाय तवर वापरून घेते," ती म्हणत होती. आणि निघायच्या दिवशी पहाटे संस्थेच्या ओट्यावर उभं राहून तिनं अशी हाक मारली, की पार माळावरच्या छावणीत टेम्पोत डुलक्या घेणारा इसाक दचकून दार उघडून खाली उतरला.

सगळं झालं. विमलबाईनं गाठोडं सोडून तपासलं. ताट, तांब्या, चादर, टॉवेल. पदर झटकला, उशी चाचपली, छत्री उघडून बघितली. दही कुठंच नव्हतं.

पण होतं! गवरीच्या दुधाचं, रात्री स्वतःच्या हातानं विरजलेलं, वरून साखर घातलेलं. इतक्या सासवांना धरणाऱ्या बाईला लपवायची जागा ठाऊक नसेल? ती डबी मुंजाजीच्या जास्तीच्या धोतरात, मधल्या घडीत होती. लाजच वाटत होती तिला स्वतःची. पण एवढ्या मोठ्या कामाला कोरड्या हातानं जायचं, हे काही तिच्या मनाला पटेना.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिचं तोंड कोरडं पडलेलं, अंगात दवाखान्याचा हिरवा गाऊन. सिस्टर सांगून गेली की मामा स्ट्रेचर घेऊन येतोय. केशरबाईनं इकडंतिकडं बघितलं, धोतराच्या घडीत हात घातला आणि डबी काढली.

मुंजाजीनं ते बघितलं. त्याचे डोळेच मोठे झाले.

"चाटणार न्हाई," ती कुजबुजली. "नुसतं हातावर ठिवा. आवो, वास घेते फक्त. येवढंसं! आवो, गवरीचं हाय."

मुंजाजीनं डबी तिच्या हातातून घेतली. म्हणाला, "न्हाई चालत."

केशरबाई आ वासून बघत राहिली. तिचेच शब्द, तिच्याच ठेक्यात, आणि ते मुंजाजीच्या तोंडून! तिला राग आला, हसू आलं आणि मग रडू फुटलं. "आवो, माझा आवाज गेला तर?" ती म्हणाली. "कोरड्या हातानं कशी जाऊ?"

मुंजाजी उभा राहून विचार करत होता. मग त्यानं डबीचं झाकण काढलं, सगळं दही आपल्या तळहातावर ओतलं आणि तिच्यासमोर उभं राहून शेवटच्या साखरेच्या कणापर्यंत चाटून खाल्लं. मिशा पुसल्या. "मी खाल्लं," तो म्हणाला. "म्हंजी तुला लागलं. जा आता."

मामा स्ट्रेचर घेऊन आला, तेव्हा पेशंट हसत होती. अशी पेशंट त्यानं बघितली नव्हती.

शुद्धीवर आली तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि घसा सोलवटल्यासारखा दुखत होता. डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या, "मावशी, छान झालं सगळं. बोला बघू काहीतरी. नाव सांगा."

केशरबाईनं डोळे मिटून घेतले.

तिला ऐकू आलं होतं, समजलं होतं. पण तोंड उघडायची हिंमतच होईना. जोवर आपण बोललो नाही, तोवर आवाज गेला असं कोण म्हणणार? बोललो आणि नुसती हवाच आली तर? तिनं मान हलवली. "दमल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या बघू." पण मुंजाजीचं तोंड उतरलेलं तिनं पापणीच्या फटीतून बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. पाणी हवं तर बोट, उशी हवी तर बोट. आणि मग आक्रीतच घडलं. मुंजाजी बोलायला लागला. आधी अडखळत, मग सलग. विमलबाईचा फोन आलता, गवरीनं लाथ मारून किटली पाडली. इसाक सगळ्यांना सांगत फिरतोय की केशरमावशीशिवाय टेम्पो वेळेवर सुटत नाही. मग जुनं काहीबाही निघालं. लग्नाच्या आधी तिला बघायला आलतो तेव्हा ती आतल्या घरात कुणावर तरी ओरडत होती, आणि तो आवाज ऐकूनच आपण हो म्हणालो होतो. हे त्यानं आजवर कधीच सांगितलं नव्हतं! केशरबाई डोळे मिटून ऐकत होती. एवढं सगळं साठवून ठेवलं होतं या माणसानं? तिच्या कानाखालून पाणी उशीत झिरपत होतं, तरी तोंड काही उघडेना.

दुपारी शेजारच्या खाटेवर नवी पेशंट आली. तुळजाबाई, माजलगावकडची, दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन. सोबतीला सासू बायनाबाई. बायनाबाईनं जरा वेळ गाठोडं उलगडलं, मग मुंजाजीजवळ येऊन हळूच विचारलं, "भाऊ, तुमच्या बाईचं काल झालं म्हणं. मग सकाळी निघताना हातावर दही दिलं तर चालतं का? आणलंय मी."

मुंजाजीनं केशरबाईकडं बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते. तो घसा साफ करून, वॉर्डभर ऐकू जाईल असा म्हणाला, "द्या की. येवढंसं दही, त्याला काय होतंय? वरून घोटभर च्या पण द्या."

"न्हाई चालत!"

कुणी बोललं ते आधी कुणाला कळलंच नाही. आवाज घोगरा होता, खरखरीत, गंजलेल्या दाराच्या बिजागरीसारखा. पण आवाज होता! केशरबाई खाटेवर अर्धी उठून बसली होती, गळ्याच्या पट्टीवर एक हात धरून दुसऱ्या हातानं बायनाबाईकडं बोट रोखून. "दही न्हाई, च्या न्हाई, पाण्याचा थेंब न्हाई! मारायचं हाय का सुनेला? आन तिची जोडवी का म्हणून काढली न्हाईत अजून?"

बायनाबाईच्या पदराआडची डबी आपोआप बाहेर आली. सिस्टर धावत आली, "मावशी, ओरडायचं नाही, टाके आहेत!" पलीकडून डॉक्टरीणबाई आल्या आणि दारातच थांबून हसायला लागल्या.

"आन तुमी!" केशरबाई नवऱ्याकडं वळली. "इतकी वर्सं माझ्यासंगं राहून येवढं कळंना तुमाला? का मुद्दाम म्हणालाव? बोला की!"

मुंजाजीनं सदऱ्याची गुंडी काढली, गळ्यातलं मंगळसूत्र काढून तिच्या हातात ठेवलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. बोलला मात्र काहीच नाही. आता गरज नव्हती.